टोकदार बियांची कॉफी

छातीत धडधडतं म्हणून डॉक्टरांनी गेल्या वर्षी माझी दुपारनंतरची कॉफी बंद केली, आणि तेव्हापासून नातेवाइकांचे सल्ले थांबलेले नाहीत. मावशीचं म्हणणं, कॉफीत जायफळ घालत जा, म्हणजे काही होत नाही. आमच्या आजोळी कॉफी म्हणजे दूध, साखर, जायफळ-वेलची आणि नावाला चमचाभर पूड. आजारी माणसाला द्यायची, नाहीतर उपासाला प्यायची. जायफळानं झोप येते आणि कॉफीनं उडते, तेव्हा त्या पेयाचा शेवटी परिणाम काय होत असेल हा एक प्रश्नच आहे. असो. मला मात्र काळी, कडक कॉफी लागते. म्हणून मी कॅफीन काढलेल्या कॉफीकडे वळले आणि पाकिटांवरचा मजकूर वाचायला लागले. वाचता वाचता असं लक्षात आलं, की 'नैसर्गिकरीत्या कॅफीनमुक्त' हे दोन शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावले जातात. त्यातल्या एकीच्या मागे फक्त कारखाना आहे. दुसरीच्या मागे तीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि आजचं हे लांबण त्याच्याबद्दल.

कारखान्याचं आधी उरकते. कॅफीन हा पदार्थ वेगळा काढला फ्रीडलीब रुंग या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञानं, १८१९च्या सुमारास. त्याला कॉफीच्या बिया दिल्या होत्या खुद्द कवी गटेनं. (कवी लोक कधी कधी उपयोगी पडतात ते असे.) पुढे ब्रेमेनचा कॉफी व्यापारी लुडविग रोझेलियस यानं १९०६ साली 'काफे हाग' ही कंपनी काढली. त्याची पद्धत अशी, की हिरव्या बिया वाफेनं फुगवायच्या आणि बेंझीननं त्यातलं कॅफीन धुऊन काढायचं. बेंझीन! आज ते नाव ऐकून कोणी कप तोंडाला लावणार नाही. नंतर मिथिलीन क्लोराइड आलं, दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड आला, नुसत्या पाण्याची पद्धत आली. एथिल ॲसिटेट हे आणखी एक द्रावण. ते फळांत आपोआप तयार होतं आणि कोलंबियात उसापासून बनवतात, एवढ्या आधारावर त्यानं धुतलेल्या कॉफीच्या पाकिटावर 'नैसर्गिक' हा शिक्का बसतो. वाईट काही नाही त्यात. पण द्रावण उसाचं असलं तरी काम धुण्याचंच. आणि हे धुणं बहुतेक वेळा शेतापासून फार लांब होतं. इथिओपियातली बी जर्मनीला किंवा कॅनडाला जाते, तिथे धुतली जाते, निघालेलं कॅफीन शीतपेयं आणि औषधं बनवणाऱ्यांना वेगळं विकलं जातं. शेतकऱ्याला पैसे मिळतात ते फक्त मूळ हिरव्या बियांचे.

आता दुसरा अर्थ. मुळात झाडातच कॅफीन नसेल तर?

अशी झाडं आहेत. कॅफीन हे झाडाच्या दृष्टीनं किड्यांना दूर ठेवायचं विष आहे, आणि कॉफीच्या शंभराहून जास्त जातींपैकी सगळ्यांनीच ते बनवायचा उद्योग केलेला नाही. मादागास्कर आणि आसपासच्या बेटांवरच्या रानकॉफ्यांत ते जवळजवळ नसतंच. गाब्रिएल बेर्त्रां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९०१ साली कोमोरो बेटांवरच्या एका कॉफीत कॅफीन अजिबात नसल्याचं दाखवलं होतं. कॅमेरूनच्या जंगलातली अशीच एक जात २००८ साली नोंदली गेली. मग आपण ह्या का पीत नाही? कारण त्यांतल्या बऱ्याच चवीला कडूजहर आहेत. कॅफीन नसलं तरी दुसरी कडू द्रव्यं आहेत. आपण जी चवदार कॉफी पितो ती अरेबिका, आणि ती स्वतःच एक मिश्रसंतती आहे. तिच्या आईबापांपैकी एक रोबस्टा, दुसरी युजेनिऑइडिस नावाची पूर्व आफ्रिकेतली मवाळ, कमी कॅफीनची जात. हे लग्न लाखो वर्षांपूर्वी आपसूक जंगलात लागलं. अरेबिकात वजनाच्या साधारण १.२ टक्के कॅफीन असतं, रोबस्टात त्याच्या दुपटीच्या आसपास. म्हणजे खरी गंमत तेव्हा, जेव्हा अरेबिकाच्याच घरात एखादं कॅफीन नसलेलं पोर जन्माला येईल.

असं पोर पहिल्यांदा लोकांच्या लक्षात आलं ते हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर.

नकाशात मॉरिशस शोधा आणि किंचित नैर्ऋत्येला सरका. मॉरिशसमध्ये आपल्या कोकणातून गेलेल्या मराठी माणसांची वस्ती आहे हे आपल्याला माहीत असतं, पण शेजारच्या रियुनियनचं नाव क्वचितच कानावर येतं. सतराव्या शतकापर्यंत तिथे माणूसच राहत नव्हता. फ्रेंचांनी ते घेतलं आणि आपल्या राजघराण्याचं नाव दिलं: बूर्बाँ. (दारूचा संबंध नाही.) पॅरिसला कॉफीची चटक लागली होती आणि ती सगळी येमेनच्या मोखा बंदरातून विकत घ्यावी लागायची, म्हणून फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीनं १७१५ साली मोख्याहून थोडी रोपं जहाजानं बूर्बाँला आणली. बहुतेक वाटेत मेली, उरलेल्यांतली बरीचशी पोचल्यावर मेली. जी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी तगली त्यांच्यापासून अख्ख्या बेटावर मळे झाले. पुढे ह्याच वाणाचं बी ब्राझीलला गेलं, मिशनऱ्यांबरोबर पूर्व आफ्रिकेत गेलं. आज जगात जे 'बूर्बाँ' म्हणून अरेबिकाचं प्रसिद्ध वाण आहे ते हेच.

मळे झाले असं मी एका वाक्यात लिहून टाकलं, पण ते केले कोणी? मादागास्कर, मोझांबिक आणि भारताच्या किनाऱ्यावरून धरून आणलेल्या गुलामांनी. १७२३ साली ह्या बेटांसाठी खास गुलामांचा कायदा आला. पळून जाणाऱ्याला काय शिक्षा हे त्यात कलमवार लिहिलेलं. तरीही लोक पळायचेच. बेटाच्या मधोमध ज्वालामुखीनं केलेली प्रचंड खोल कुंडं आहेत, उभ्या कड्यांनी वेढलेली. पळालेले गुलाम तिथे जाऊन राहत. माफात, सिलाओस ही तिथल्या गावाकुंडांची नावं मलागासी भाषेतून आलेली आहेत. ज्या माणसांना मळेवाले रानटी म्हणून शिकारीसारखं हुडकत त्यांची भाषा आज फ्रान्सच्या सरकारी नकाशावर आहे.

अशा पळून गेलेल्या गुलामाला शब्द होता 'मारों'. आणि बेटावर मोख्याची कॉफी यायच्या आधीपासून एक रानकॉफी होती, मूळची तिथलीच. मॉरिशसच्या जंगलातही ती आहे. तिला लोक म्हणत 'काफे मारों'. पळपुटी कॉफी. कंपनीच्या माणसांनी आधी तीच विकून पाहायचा विचार केला होता, पण ती कडू निघाली. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी तपासलं तर ह्या पळपुट्या कॉफीत कॅफीन नसल्यातच जमा. मला हे नाव वाचल्यापासून विसरता आलेलं नाही. मळ्यात रांगेनं उभी असलेली, बाहेरून आणलेली कॉफी ती खरी कॉफी, आणि बेटाची स्वतःची कॉफी ती रानटी.

पण आपली गोष्ट हिची नाही, मळ्यातल्या एका वेगळ्या झाडाची आहे. लागवडीतल्या बूर्बाँ झाडांत कधीतरी एक बुटकं, नाताळच्या झाडासारखं शंकूच्या आकाराचं झुडूप उगवलं. पानं बारकी, आणि बी दोन्हीकडे गोल असायच्या ऐवजी एका टोकाला निमुळतं. म्हणून त्याचं नाव 'बूर्बाँ प्वाँत्यू', टोकदार बूर्बाँ. एका मळेवाल्याच्या नावावरून त्याला 'लरुआ कॉफी'ही म्हणत. वनस्पतिशास्त्रातलं नाव लॉरिना. एका जनुकातल्या बदलानं झाडाचा आकार, बीचा आकार आणि कॅफीन ही सगळी बदलली. कॅफीन साधारण निम्मं झालं, ०.६ टक्क्याच्या आसपास. त्या काळी हे कोणाला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. लोकांना एवढंच कळलं, की ही कॉफी कमी कडू आहे आणि तिला वास छान आहे. फ्रान्समध्ये बूर्बाँच्या कॉफीला मान होताच. कादंबरीकार बाल्झाक आपल्या कॉफीत बूर्बाँ, मार्टिनिक आणि मोखा अशा तीन जागच्या बिया मिसळायचा. एवढी कॉफी ढोसणाऱ्या माणसाला कमी कॅफीनची बी मिळाली असेल तर बरंच झालं म्हणायचं.

मग ही कॉफी गेली कुठे? १८०६-०७च्या वादळांनी मळे भुईसपाट केले. त्याच सुमारास फ्रान्सच्या हातून हैती गेलं, मॉरिशस गेलं, आणि साखरेसाठी बूर्बाँचं महत्त्व वाढलं. जिथे कॉफी होती तिथे ऊस लागला. २० डिसेंबर १८४८ला बेटावर गुलामगिरी संपली, ६० हजारांवर माणसं मोकळी झाली. मळेवाल्यांनी त्यांच्या जागी पुदुच्चेरी आणि कारैकालच्या बाजूनं करारावर मजूर आणले. त्यांच्या वंशजांना तिथे आजही 'मलबार' म्हणतात, मग ते मूळचे तमिळ का असेनात. १८८०च्या सुमारास पानांवरचा तांबेरा आला. टोकदार बूर्बाँ आधीच नाजूक आणि कमी पिकणारं, त्याचा काय टिकाव लागणार? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या कॉफीचा व्यापार उरला नव्हता. परसातली, कुंपणातली, विसरलेली झुडपं तेवढी होती.

१९९९ साली योशियाकी कावाशिमा हा जपानी कॉफीतज्ज्ञ ह्या वाणाच्या शोधात रियुनियनला गेला. तो तेव्हा यूसीसी ह्या मोठ्या जपानी कॉफी कंपनीत होता. बेटावर लोक त्याला सांगत, इथे कॉफी नाही. पुढे परसांमधली झुडपं सापडली, आणि मग फ्रान्सच्या 'सिराद' ह्या शेतकी संशोधन संस्थेनं त्यांतून निवड सुरू केली. वेगवेगळ्या उंचीवरच्या लहान शेतकऱ्यांच्या रानात रोपं लावून पाहिली. आधी हीच माणसं ऊस, भाजी, जिरेनियम असं काहीबाही पिकवणारी. फळ लाल झालं की एकेक हातानं तोडायचं, साल काढून लगेच धुवायचं, वाळवायचं आणि खराब दाणे निवडून टाकायचे, हे त्यांना नव्यानं शिकावं लागलं. २००७ साली ती कॉफी जपानमध्ये विक्रीला आली आणि जगातल्या सगळ्यांत महाग कॉफींमध्ये तिची गणना झाली.

हा भाव ऐकून माझ्या भावानं नेहमीप्रमाणे 'श्रीमंतांची थेरं' असं म्हणून विषय संपवला. मला तसं वाटत नाही. रियुनियन १९४६पासून फ्रान्सचा जिल्हा आहे. तिथल्या मजुराला फ्रान्सच्या कायद्याप्रमाणे मजुरी द्यावी लागते. उतारावरच्या रानातली, कमी पिकणारी, हातानं तोडलेली कॉफी पूर्ण मजुरी देऊन पिकवली तर तिची किंमत किती होते, हे त्या पाकिटावर लिहिलेलं आहे. बाकीची कॉफी स्वस्त का पडते, हा प्रश्न उलट आपण विचारायला हवा. १९८९ साली कॉफीच्या निर्यातीचे आंतरराष्ट्रीय कोटे मोडले, भाव पडत गेले, आणि २००१मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिकाला पौंडाला ५० सेंटसुद्धा मिळेनात. तेव्हा आफ्रिकेतल्या आणि मध्य अमेरिकेतल्या छोट्या शेतकऱ्यांना पिकवण्याचा खर्चही सुटत नव्हता. कप मात्र कुठे स्वस्त झाल्याचं आठवत नाही.

तरीही टोकदार बूर्बाँ काटेकोरपणे 'कॅफीनमुक्त' नाही. युरोपात भाजलेल्या कॉफीला तसं म्हणायचं तर कॅफीन ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही. ती मर्यादा पाळणारं अरेबिकाचं झाड सापडल्याची बातमी आली २००४च्या जूनमध्ये, 'नेचर' ह्या नियतकालिकात. ब्राझीलमधल्या काम्पिनासच्या शास्त्रज्ञांनी इथिओपियातून आलेल्या बियांपासून वाढवलेली ३००० झाडं एकेक करून तपासली. त्यांत तीन झाडं निघाली, ०.०७६ टक्के कॅफीनची. झाडात कॅफीन टप्प्याटप्प्यानं तयार होतं. ह्या झाडांत शेवटचा टप्पाच बिघडलेला आहे, त्यामुळे कोकोत असतं ते थिओब्रोमिन साठून राहतं. झाडांना नाव दिलं एसी-१, एसी-२, एसी-३. आल्सिदेस कार्वाल्यो ह्या थोर ब्राझिलियन कॉफीशास्त्रज्ञाची ती आद्याक्षरं. त्याआधी एकच वर्ष जपानी शास्त्रज्ञांनी जनुकांत फेरफार करून रोबस्टाच्या रोपांतलं कॅफीन बरंच खाली आणलं होतं. पण इथे फेरफार काहीच नाही, जंगलानं आपणहून केलेलं.

कोणाच्या जंगलानं? इथून वाद सुरू होतो. १९६४-६५ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनं इथिओपियाच्या जंगलांतून बिया गोळा केल्या होत्या. त्यांचे वाटे निरनिराळ्या देशांत ठेवले. एक वाटा भारतातही आला. एक कोस्टारिकात गेला, तिथून १९७३ साली ब्राझीलला. बातमी येताच इथिओपियातून विचारणा झाली, की हे बी आमचं, मग ह्यातून पैसा झाला तर आमचा वाटा कुठे? ब्राझीलची बाजू अशी, की बी उघडपणे, रीतसर मोहिमेतून आलेलं आहे. कायद्यानं पाहिलं तर जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार १९९२चा, अमलात आला १९९३च्या अखेरीस, आणि तो मागच्या तारखेनं लागू होत नाही. कायद्यात बसतं. पण ज्या खेड्यांनी ती जंगलं तोडली नाहीत, परसात दहा प्रकारची कॉफीची झाडं शेजारी शेजारी वाढू दिली, त्यांच्याशिवाय त्या ३००० झाडांत तीन काय, एकही सापडलं नसतं. शास्त्रज्ञांच्या कष्टाचं मला मोल आहे. तरी त्या नावांत एखादं अक्षर इथिओपियाचंही असायला हरकत नव्हती.

ह्यात मला एक फरक महत्त्वाचा वाटतो. टोकदार बूर्बाँ डोळ्यांना दिसतं. झुडूप वेगळं, बी वेगळं, त्यामुळे निरक्षर मजुरालाही ते बाजूला काढता आलं, आणि दोनशे वर्षांनी परसात ओळखताही आलं. इथिओपियातलं कॅफीन नसलेलं झाड मात्र इतर झाडांसारखंच दिसतं. ते फक्त प्रयोगशाळेत कळतं. म्हणजे एखाद्या शेतकऱ्याच्या परसात असं झाड आज उभं असेल तरी त्याला ते कळायचा मार्ग नाही. इथिओपियातली बहुतेक सगळी कॉफी छोटे शेतकरी पिकवतात. २००८ साली तिथे कमॉडिटी एक्स्चेंज सुरू झालं, दर कळू लागले, हे चांगलं झालं. पण प्रदेश आणि प्रत पाहून पोती एकत्र होऊ लागली आणि अमक्या गावची कॉफी ही ओळख पुसली गेली. २०१७ साली नियम बदलले आणि माग ठेवणं पुन्हा शक्य झालं. माग राहिला नाही तर कॅफीन नसलेल्या झाडाचं बी कॅफीन असलेल्या हजार झाडांच्या बियांत मिसळून जातं आणि प्रश्न मिटतो.

एसी झाडांचं पुढे काय झालं? ती पिकतात फार कमी. वीस वर्षं उलटून गेली तरी जास्त पिकणाऱ्या वाणांशी त्यांचा संकर करून पाहण्याचं काम संपलेलं नाही. लॉरिनाची लागवड ब्राझीलच्या मोठ्या मळ्यांवरही होते, आणि २०१८ सालची कॉफी बनवण्याची जागतिक स्पर्धा एमी फुकाहोरीनं तिथल्याच लॉरिनाच्या कपानं जिंकली. छोट्या शेतकऱ्याला हे वाण लावायचं तर कमी पीक, जास्त कीड आणि पहिलं फळ येईपर्यंत काही वर्षं थांबणं, एवढं सगळं अंगावर घ्यावं लागतं. खरेदीची हमी आधी दिल्याशिवाय कोणी ते का करील? रियुनियनला ती हमी जपानी कंपनीनं दिली होती.

तोवर मी पाण्यानं धुतलेली कॉफी पिते आहे. आपल्याकडच्या एका छोट्या कॉफी भाजणाऱ्या कंपनीला मी मेल करून दोन गोष्टी विचारल्या होत्या, कॅफीन कुठे काढता आणि बी कोणाकडून घेता. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, सभ्यपणे लिहिलेलं. कारखान्याचा देश, शहर, पद्धत, प्रमाणपत्राचा क्रमांक, सगळं होतं. बी कोणाचं, ह्यापुढे लिहिलं होतं 'निरनिराळे छोटे शेतकरी'. कोणत्या जिल्ह्यातले आणि कोणत्या हंगामातलं, असं मी परत विचारलं आहे. उत्तर आलं की कळवीन.